किट लेन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा डिजिटल कॅमेरा घेणाऱ्या बहुतेकांच्या हातात पहिली लेन्स येते ती १८-५५ मि.मी. किंवा तिच्या जवळपासच्या पल्ल्याची, आणि कॅमेरा घेऊन महिना उलटायच्या आत कोणीतरी ती बदलण्याचा सल्ला देतो. हा सल्ला कधी योग्य असतो, कधी अकाली असतो आणि पुष्कळदा चुकीच्या कारणासाठी दिलेला असतो. खालील उत्तरे प्रामुख्याने एपीएस-सी आकाराचा, म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, सेन्सर (प्रतिमा टिपणारा भाग) असलेल्या कॅमेऱ्यांना धरून लिहिली आहेत, कारण आपल्याकडे हौशी छायाचित्रकारांची सुरुवात बहुधा अशाच कॅमेऱ्याने होते.

किट लेन्स म्हणजे नेमके काय?

लेन्स बदलता येणारा कॅमेरा विकताना कंपनी त्याच खोक्यात जी लेन्स देते, तिला किट लेन्स म्हणतात. कॅननने २००३ मध्ये ईओएस ३००डी हा कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा लेन्सबदलाची सोय असलेला डिजिटल एसएलआर (आतल्या आरशाच्या मदतीने दृश्य दाखवणारा कॅमेरा) प्रथमच १,००० डॉलरच्या आत आला आणि त्याच्यासोबत १८-५५ मि.मी. एफ/३.५-५.६ ही लेन्स दिली गेली. निकॉनने २००५ मध्ये डी५० बरोबर याच पल्ल्याची लेन्स आणली. सर्वसाधारण बोलण्यात किट लेन्स म्हणजे हीच, हलकी आणि स्वस्त झूम लेन्स, असे समजले जाते. मात्र महाग कॅमेऱ्यांबरोबर दिल्या जाणाऱ्या लेन्सनाही हेच नाव आहे, आणि त्यांतल्या काही दर्जाने फार वरच्या आहेत. निकॉनने २०१८ मध्ये झेड ६ आणि झेड ७ बरोबर दिलेली २४-७० एफ/४ किंवा फुजीफिल्मची १८-५५ एफ/२.८-४ ही त्याची उदाहरणे होत. म्हणून किट लेन्सविषयी कोणी सरसकट मत देत असेल, तर तो नेमक्या कोणत्या लेन्सविषयी बोलत आहे हे आधी विचारून घ्यावे.

१८-५५ हाच पल्ला का निवडला गेला?

फिल्मच्या कॅमेऱ्यांवर २८-८० मि.मी.च्या आसपासची झूम लेन्स नेहमीच्या वापराची मानली जात असे. एपीएस-सी सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्यामुळे दृश्याचा मधलाच भाग टिपतो. त्याचा परिणाम फोकल लेंथ (लेन्सवरचा मि.मी.चा आकडा; तो जितका मोठा, तितके दृश्य अरुंद आणि जवळ) निकॉन, सोनी आणि फुजीफिल्मवर १.५ पटीने आणि कॅननवर १.६ पटीने वाढल्यासारखा होतो. जुनी २८-८० अशा कॅमेऱ्यावर लावली, तर ती ४२-१२० सारखी वागते आणि घरातला गट किंवा वाड्याचे अंगण एका चौकटीत बसेनासे होते. १८-५५ ही लेन्स १.५ च्या हिशेबाने सुमारे २७ ते ८२ मि.मी. इतका दृश्यकोन देते, म्हणजे फिल्मच्या काळातला तोच ओळखीचा पल्ला परत मिळतो.

डिजिटल एसएलआरमध्ये आरशाला जागा लागत असल्याने लेन्सचे माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी कडी) आणि सेन्सर यांच्यात कॅननमध्ये ४४ आणि निकॉनमध्ये ४६.५ मि.मी. अंतर ठेवावे लागते. त्यामुळे १८ मि.मी.ची लेन्स बनवताना प्रतिमा मागे ढकलणारी गुंतागुंतीची रचना करावी लागते, आणि तरीही ती २०० ग्रॅमच्या आसपास वजनात आणि सामान्य ग्राहकाला परवडेल अशा किमतीत बसवली गेली आहे. मी याला अभियांत्रिकीतले मोठे यश मानतो.

स्वस्त असल्यामुळे ही लेन्स निकृष्ट असते का?

नाही, पण काटकसर कोठे केली आहे हे समजून घेतले पाहिजे. माउंट धातूऐवजी प्लॅस्टिकचे असते, बाहेरचे कवच प्लॅस्टिकचे असते, फोकसची कडी अरुंद असते, अंतराची पट्टी बहुधा नसते, आणि पाणी व धूळ रोखणारी रबरी कडा क्वचितच मिळते. सर्वांत महत्त्वाची काटकसर मात्र प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्रात, म्हणजे अ‍ॅपर्चरमध्ये असते, कारण मोठ्या अ‍ॅपर्चरसाठी मोठी भिंगे लागतात आणि खर्च व वजन तेथेच झपाट्याने वाढते. कॅननची २४-७० एफ/२.८ ची दुसरी आवृत्ती ८०५ ग्रॅमची आहे, तर १८-५५ आयएस एसटीएम २०५ ग्रॅमची.

प्रतिमेच्या स्पष्टतेत मात्र तितकी काटकसर झालेली नाही. कॅननच्या २००३ सालच्या पहिल्या आवृत्तीत कडा मऊ दिसत आणि ती तक्रार रास्त होती. परंतु २००७ मध्ये दोन्ही कंपन्यांनी कंपनरोधक आवृत्त्या आणल्या, २०१३ मध्ये कॅननची एसटीएम आली, २०१६ मध्ये निकॉनची एएफ-पी आली (ही दोन्ही नावे फोकसच्या नव्या मोटरची), आणि प्रत्येक वेळी लेन्स सुधारत गेली. आजही जे आक्षेप ऐकू येतात, त्यांतले पुष्कळसे त्या पहिल्या पिढीचे आहेत. चांगल्या उजेडात, एफ/८ वर, नीट फोकस करून काढलेल्या छायाचित्राची ए३ आकाराची छपाई पाहून ते किट लेन्सचे आहे की तिच्या पाचपट किमतीच्या लेन्सचे, हे अनुभवी माणसालाही खात्रीने सांगता येणे कठीण आहे.

एफ/३.५-५.६ या आकड्यांचा व्यवहारात काय परिणाम होतो?

लेन्सचे सर्वांत मोठे अ‍ॅपर्चर १८ मि.मी.वर एफ/३.५ असते आणि झूम करत ५५ पर्यंत गेले की ते एफ/५.६ वर येते. आकडा वाढतो तसा प्रकाश कमी होतो, आणि तो वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. म्हणजे एफ/५.६ वर सेन्सरवर येणारा प्रकाश एफ/३.५ च्या तुलनेत सुमारे अडीच पट कमी असतो. एफ/२.८ शी तुलना केली तर चौपट कमी, आणि ५० मि.मी. एफ/१.८ शी केली तर जवळजवळ दहापट कमी.

ट्यूबलाइटच्या उजेडातल्या एखाद्या दिवाणखान्याचे उदाहरण घेऊ. आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ८०० वर ५५ मि.मी. आणि एफ/५.६ ला शटर स्पीड साधारण १/१५ सेकंद येतो. त्याच खोलीत १८ मि.मी. आणि एफ/३.५ ला तो १/४० च्या आसपास जातो, आणि एफ/१.८ च्या लेन्सला १/१५० पर्यंत पोहोचतो. खेळणारे मूल १/१५ वर हमखास हलते, १/१५० वर बव्हंशी स्थिर मिळते. किट लेन्सची खरी मर्यादा हीच आहे. तिच्याविषयीच्या इतर तक्रारींपैकी पुष्कळ या एका कारणाकडे परत येतात, म्हणून हा हिशेब प्रत्येकाने आपल्या घरातल्या उजेडात एकदा स्वतः करून पाहावा.

घरातले आणि मंडपातले फोटो हललेले येतात. लेन्समध्ये दोष आहे का?

बहुतेक वेळा नाही. फोटो अस्पष्ट येण्याची तीन कारणे वेगवेगळी ओळखावी लागतात, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. संपूर्ण चौकट एकाच दिशेने ओढल्यासारखी दिसत असेल, तर हात हललेला असतो. मागची भिंत, तोरण, समई हे सारे स्वच्छ आहे आणि फक्त आरती ओवाळणारे हात पुसट आहेत असे असेल, तर व्यक्ती हललेली असते. चेहरा पुसट आणि त्यामागचा पडदा स्पष्ट असेल, तर फोकस चुकलेला असतो.

हात हलण्यावर जुना ठोकताळा असा आहे की फोकल लेंथला सेन्सरच्या पटीने गुणावे आणि त्या आकड्याच्या व्यस्तापेक्षा शटर मंद ठेवू नये. ५५ ला १.५ ने गुणले की सुमारे ८२ येतात, म्हणून १/९० किंवा १/१०० सुरक्षित. कॅनन ज्याला आयएस आणि निकॉन ज्याला व्हीआर म्हणते, ती कंपनरोधक यंत्रणा असलेल्या नव्या किट लेन्सना कंपन्या सुमारे चार स्टॉपचा आधार सांगतात (एक स्टॉप म्हणजे शटरचा वेळ दुप्पट). त्यातला एखादा स्टॉप सोडून दिला, तरी १/१५ वर हातात धरून स्थिर वस्तूचा चांगला फोटो येऊ शकतो. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरता येत नाही आणि ट्रायपॉडला आगाऊ परवानगी लागते, अशा ठिकाणी ही यंत्रणा फार मोलाची ठरते, कारण भित्तिचित्र हलत नाही.

हलणाऱ्या माणसाला मात्र ती यंत्रणा थांबवू शकत नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. ढोल-ताशाचे पथक, विसर्जनाची मिरवणूक, गरब्याचा फेर यांसाठी शटरच वेगवान लागतो. तेव्हा आयएसओ निःसंकोच ३२०० किंवा ६४०० पर्यंत न्यावा; थोडे दाणेदार पण स्थिर छायाचित्र, स्वच्छ पण हललेल्या छायाचित्रापेक्षा केव्हाही उपयोगाचे. दुसरे, झूम करण्याऐवजी शक्य तेवढे जवळ जाऊन १८ ते २४ मि.मी.च्या दरम्यान काम करावे, म्हणजे अ‍ॅपर्चर मोठे मिळते आणि गर्दीचा भागही चित्रात येतो. तिसरे, मंडपात प्रकाश कोठून येतो हे पाहून उभे राहावे. एवढे सगळे करूनही वारंवार अडत असेल, तर लेन्स बदलण्याचे कारण खरे आहे.

पार्श्वभूमी धूसर करता येत नाही, हे खरे का?

अर्धेच खरे आहे. दूरच्या पार्श्वभूमीची धूसरता प्रामुख्याने एका मापावर ठरते: फोकल लेंथ भागिले अ‍ॅपर्चरचा आकडा. हा भागाकार म्हणजे लेन्समध्ये पुढून पाहिल्यावर दिसणाऱ्या छिद्राचा व्यास. मागे खूप दूर असलेला दिवा चित्रात जेवढा गोल पसरतो, तो चेहऱ्याच्या मापाने मोजला तर साधारण या व्यासाएवढाच भरतो. आता हिशेब पाहा. १८ मि.मी. आणि एफ/३.५ ला व्यास ५ मि.मी.च्या जरा वर येतो. ५५ आणि एफ/५.६ ला तो सुमारे १० मि.मी. होतो. अर्थात आकडा मोठा झाला तरी ५५ वर धूसरता दुप्पट मिळते. नवशिके पुष्कळदा एफ/३.५ मिळावे म्हणून लेन्स १८ वर आणतात आणि अपेक्षेच्या उलट परिणाम पाहून निराश होतात.

५० मि.मी. एफ/१.८ चा व्यास सुमारे २८ मि.मी. आहे, म्हणजे ५५ वरच्या किट लेन्सच्या जवळजवळ तिप्पट. तो फरक चित्रात उघड दिसतो आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण दोन लेन्सच्या किटमध्ये येणारी ५५-२५० ही दुसरी लेन्स २५० मि.मी. आणि एफ/५.६ वर ४५ मि.मी. व्यास देते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मोकळे मैदान असेल आणि मागे सरकायला जागा असेल, तर या लेन्सने काढलेल्या व्यक्तिचित्रात मागची झाडे पूर्ण विरघळतात.

फक्त १८-५५ असेल तर चारच गोष्टी कराव्यात: लेन्स ५५ वर न्यावी, अ‍ॅपर्चर एफ/५.६ ठेवावे, व्यक्तीला भिंतीपासून पाच-सहा मीटर पुढे आणावे आणि खांद्यापर्यंतचीच चौकट घ्यावी. या पद्धतीने घेतलेले व्यक्तिचित्र पाहणाऱ्याचे लक्ष चेहऱ्यावर ठेवण्यास पुरेसे असते. माझे मत असेही आहे की पार्श्वभूमी नाहीशी करण्याचा आग्रह अलीकडे अति झाला आहे. वारीतल्या म्हाताऱ्या वारकऱ्याच्या मागे पालखीचा रस्ता, पताका आणि टाळकरी ओळखू येतील इतपत दिसले, तर त्या चेहऱ्याचा अर्थ वाढतो.

ही लेन्स कोणत्या अ‍ॅपर्चरवर सर्वांत स्पष्ट असते?

साधारणपणे एफ/८ वर. १८ च्या बाजूला एफ/५.६ पासूनच मधला भाग उत्तम असतो आणि एफ/८ ला कडा सावरतात. ५५ च्या बाजूला एफ/५.६ ऐवजी एफ/८ ठेवल्यास फरक जाणवतो. एफ/११ नंतर प्रकाशाच्या विवर्तनामुळे बारीक तपशील मऊ होऊ लागतात आणि एफ/२२ वर तर महागड्या लेन्सचाही फायदा उरत नाही. निसर्गचित्रासाठी सगळे स्पष्ट हवे म्हणून एफ/२२ लावण्याची सवय एपीएस-सी कॅमेऱ्यावर सोडून द्यावी.

गडकिल्ले आणि निसर्गचित्रांसाठी १८ मि.मी. पुरते का?

बहुतेक ठिकाणी पुरते. राजगडाच्या माचीवरून दिसणाऱ्या डोंगररांगा, कोकणातला किनारा, घाटातले ढग यांना मोठे अ‍ॅपर्चर लागत नाही, कारण ट्रायपॉडवर किंवा दिवसाच्या उजेडात एफ/८ च वापरायचे असते, आणि तेथे किट लेन्स तिच्या सर्वोत्तम अवस्थेत काम करते. शिवाय चढण चढताना पाठीवर असलेले वजन हा गौण मुद्दा नाही. जी लेन्स जड म्हणून घरी राहते, तिचा गडावर काही उपयोग नाही.

जागा कमी पडण्याचा अनुभव लोणारला येतो. विवराचा व्यास सुमारे १.८ कि.मी. असून आपण त्याच्या कडेवरच उभे असतो, त्यामुळे विवर दोन्ही बाजूंना पसरत जाते, आणि १८ मि.मी.ची आडवी चौकट एपीएस-सीवर सुमारे ६६ अंशच टिपते. अशा वेळी कॅमेरा उभा धरावा, एक्स्पोजर आणि फोकस हाताने निश्चित करावे, आणि प्रत्येक चित्राचा साधारण एकतृतीयांश भाग आधीच्या चित्राशी जुळेल अशा रीतीने पाच-सहा चित्रे ओळीने घ्यावीत. ती संगणकावर जोडली की कोणत्याही एका रुंद लेन्सपेक्षा अधिक तपशिलाचे चित्र तयार होते.

धुक्यात किंवा धबधब्यावर पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, वापरायचा असेल, तर एक गोष्ट आधी पाहावी. जुन्या किट लेन्समध्ये फोकस होताना पुढचे टोक फिरते आणि त्याबरोबर फिल्टरही फिरतो, म्हणून आधी फोकस करून मगच फिल्टर फिरवावा लागतो. कॅननच्या एसटीएम आणि निकॉनच्या एएफ-पी आवृत्त्यांमध्ये ही अडचण नाही. फिल्टरचा व्यासही आवृत्तीनुसार बदलतो, म्हणून दुकानात जाण्यापूर्वी लेन्सच्या टोकावरचा आकडा वाचून घ्यावा.

कास पठारावरची लहान फुले या लेन्सने टिपता येतील का?

होय, आणि या बाबतीत किट लेन्स अपेक्षेपेक्षा बरीच सरस आहे. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांच्या नव्या १८-५५ लेन्स २५ सें.मी.पर्यंत जवळ फोकस करतात. हे अंतर सेन्सरपासून मोजलेले असते, त्यामुळे फूल लेन्सच्या टोकापासून त्याहून बरेच कमी अंतरावर असते. कॅननच्या एसटीएमचे कमाल आकारमान ०.३६ पट आहे. म्हणजे सुमारे ६ सें.मी. रुंदीची जागा पूर्ण चौकट भरते. तेरड्याचे फूल त्यात ठसठशीत बसते. ५० मि.मी. एफ/१.८ ला एवढे जवळ जाता येत नाही, आणि मॅक्रो लेन्स (लहान वस्तू अगदी जवळून टिपणारी) विकत घेण्याआधी आपल्याजवळ निम्मी वाट चाललेली लेन्स आहे हे ध्यानात ठेवावे.

लेन्स ५५ वर ठेवावी, अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११, फोकस हाताने करावा आणि वारा थांबण्याची वाट पाहावी. सीतेची आसवे यांसारखी अगदी लहान फुले चौकट भरून हवी असतील, तर मात्र खरी मॅक्रो लेन्स लागेल. कुंपणाच्या आत उतरून किंवा आडवे पडून फुले तुडवण्यापेक्षा वाटेवरूनच दिसणारे फूल निवडावे. पठारावरचा मातीचा थर पातळ आहे आणि तेथील रोपे पायाखाली टिकत नाहीत.

पक्षी आणि वन्यप्राणी?

येथे १८-५५ चा उपयोग नाही. भिगवणचे रोहित किंवा ताडोबाचा वाघ ५५ मि.मी.वर चित्रातला ठिपका होतो. ५५-२५० किंवा ७०-३०० ही स्वस्त जोडलेन्स सुरुवातीला चालते, पण गंभीरपणे पक्षी टिपायचे असतील तर ४०० मि.मी. किंवा अधिक लागते. पक्ष्यांचे वसतिस्थान दाखवणारे रुंद चित्र मात्र किट लेन्सने आवर्जून काढावे. ते फार थोडे लोक काढतात.

१८ मि.मी.वर इमारती वाकड्या आणि चेहरे विचित्र का दिसतात?

येथे दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. चौकटीच्या कडेला असलेली सरळ रेषा बाहेर फुगल्यासारखी दिसणे हा लेन्सचा दोष आहे. तो कॅमेऱ्यातल्या दुरुस्तीच्या सोयीने, किंवा लाइटरूम आणि मोफत मिळणाऱ्या डार्कटेबलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्या लेन्सचे प्रोफाइल निवडून, जवळजवळ पूर्ण जातो. देवळाची दीपमाळ वरच्या बाजूला आत झुकलेली दिसणे किंवा जवळून काढलेल्या चेहऱ्यात नाक मोठे दिसणे यांत लेन्सचा दोष नाही. पहिले कॅमेरा वर झुकवल्यामुळे होते आणि दुसरे फार जवळ उभे राहिल्यामुळे, आणि सर्वांत महाग लेन्सही ते टाळू शकत नाही. दीपमाळेसाठी मागे जाऊन कॅमेरा समपातळीत धरावा. चेहऱ्यासाठी दीड-दोन मीटर अंतर ठेवून झूम करावी.

मिररलेस कॅमेऱ्यांच्या किट लेन्स वेगळ्या असतात का?

आकाराने फारच वेगळ्या असतात. आरसा गेल्यामुळे माउंट आणि सेन्सरमधले अंतर सोनी ई मध्ये १८, निकॉन झेडमध्ये १६ आणि कॅनन आरएफमध्ये २० मि.मी. इतके उरले, आणि लेन्स घडी होऊन खिशात मावण्याइतक्या लहान करता आल्या. सोनीची १६-५० ही ११६ ग्रॅमची आहे. त्याची किंमत म्हणून रुंद बाजूची वक्रता बऱ्याच प्रमाणात सॉफ्टवेअरवर सोपवली जाते, आणि दुरुस्तीनंतर कोपरे थोडे मऊ राहतात. निकॉनची झेड १६-५० एफ/३.५-६.३ आणि कॅननची आरएफ-एस १८-४५ एफ/४.५-६.३ पाहिल्या, तर लांब बाजूचे अ‍ॅपर्चर जुन्या एफ/५.६ हून आणखी लहान झालेले आढळेल. नव्या सेन्सरची वरच्या आयएसओवरची कामगिरी ही उणीव काही अंशी भरून काढते, पण धूसरतेच्या बाबतीत ती भरून निघत नाही. हा व्यवहार ग्राहकाला दुकानात स्पष्ट सांगितला जायला हवा असे मला वाटते.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

हा प्रश्न आपल्या हवेत फार महत्त्वाचा आहे. बहुतेक किट लेन्स पाण्यापासून सुरक्षित नाहीत. पेंटॅक्सची १८-५५ डब्ल्यूआर हा त्यातला उल्लेखनीय अपवाद. झूम करताना लेन्सची नळी बाहेर येते तेव्हा ओलसर हवा आत ओढली जाते, आणि नळी आत जाताना तिच्यावरचे पाणीही आत जाऊ शकते. म्हणून पावसातून परतल्यावर नळी पुसून, कोरडी करून मगच आत ढकलावी. कॅमेरा ओल्या पिशवीत तसाच ठेवू नये.

त्याहून मोठा शत्रू बुरशी आहे. मुंबई, कोकण आणि गोव्यात जून ते सप्टेंबरमध्ये कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उमटतात, आणि किट लेन्स उघडून साफ करण्याचा खर्च कित्येकदा जुन्या लेन्सच्या किमतीएवढा होतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात रंग बदलणारी सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक एवढी व्यवस्था पुरते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरावे. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत लेन्स महिनोन्‌महिने ठेवू नये. सर्वांत चांगला उपाय म्हणजे लेन्स वापरत राहणे, कारण उजेड आणि खेळती हवा बुरशीला मानवत नाही.

किटसह कॅमेरा घ्यावा की फक्त बॉडी?

आपल्याकडे आधीची त्याच माउंटची लेन्स नसेल, तर किटसह घ्यावा. किट आणि नुसती बॉडी यांच्या किमतीतला फरक हा त्या लेन्सच्या स्वतंत्र किमतीपेक्षा बहुधा बराच कमी असतो. काही दुकानदार किट फोडून लेन्स सुटी विकतात. ती साध्या पांढऱ्या खोक्यात येते. अशी लेन्स घेताना बिलावर तिचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि हमीपत्र भारतातले आहे का हे विचारावे.

दोन लेन्सचे किट आणि १८-१३५ किंवा १८-१४० ची एकच लेन्स यांत निवड करायची असेल, तर प्रवासात लेन्स बदलणे नको असणाऱ्यांनी दुसरा पर्याय घ्यावा. जुन्या निकॉन बॉडीसाठी एएफ-पी लेन्स घेऊ नये. काही जुन्या बॉड्यांवर तिचा ऑटोफोकस चालतच नाही.

आधी ५० मि.मी. एफ/१.८ घ्यावी का?

पुष्कळ जण हा सल्ला देतात आणि दुसरी लेन्स म्हणून तो उत्तम आहे. कॅननची २०१५ ची एसटीएम आवृत्ती अवघ्या १६० ग्रॅमच्या आसपास असून किमतीत आवाक्यातली आहे. पण ती एकमेव लेन्स म्हणून घेण्याला माझा विरोध आहे. एपीएस-सीवर ती ७५ किंवा ८० मि.मी.सारखी वागते, आणि मुंबई-पुण्याच्या वन बीएचके घरात वाढदिवसाचा केक आणि भोवतीची सारी मंडळी एका चौकटीत घेताना पाठ भिंतीला लागते. व्यक्तिचित्रे हाच मुख्य विषय असेल तर ५०, घरातला सर्वसाधारण वापर असेल तर ३५ मि.मी.च्या आसपासची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, अधिक सोयीची. कोणती हे ठरवण्यासाठी किट लेन्स एक दिवस ३५ वर आणि एक दिवस ५० वर स्थिर ठेवून काम करावे.

पुढची लेन्स घेण्याची वेळ आली हे कसे ओळखावे?

आपल्याच छायाचित्रांतील नोंदी वाचून. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंथ, अ‍ॅपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ लिहिलेले असतात, आणि लाइटरूम किंवा डिजिकॅममध्ये ते गाळून पाहता येतात. गेल्या काही महिन्यांतली फक्त आवडलेली छायाचित्रे निवडावीत. त्यांतली बहुसंख्य १८ वर असतील आणि तरीही मागे सरकावेसे वाटत होते असे आठवत असेल, तर १०-१८ किंवा १०-२० सारखी रुंद लेन्स घ्यावी. बहुसंख्य ५५ वर असतील आणि कापून मोठी केलेली असतील, तर टेलिफोटो. आयएसओ सतत ३२०० च्या वर आणि शटर १/६० च्या खाली असेल, तर मोठ्या अ‍ॅपर्चरची प्राइम. मात्र सगळे आकडे विखुरलेले असतील आणि नाकारलेली छायाचित्रे मुख्यतः चुकलेल्या फोकसमुळे किंवा दुपारच्या कडक उन्हामुळे नाकारलेली असतील, तर नव्या लेन्सने काहीही बदलणार नाही. तो पैसा पहाटे लवकर पोहोचता येईल अशा प्रवासावर किंवा ट्रायपॉडवर खर्च करावा.

नवी लेन्स आल्यावर किट लेन्स विकावी का?

विकून फारसे हाती लागत नाही. बाजारात या लेन्स अतोनात असल्यामुळे वापरलेल्या १८-५५ ला अत्यल्प भाव मिळतो, तर जवळचे फोकस, रुंद बाजू, कंपनरोधक यंत्रणा आणि २०० ग्रॅम वजन हे सगळे एकत्र देणारी दुसरी लेन्स त्या पैशांत येत नाही. समुद्रकिनाऱ्यावर, धुळवडीत किंवा गुलालाच्या मिरवणुकीत महाग लेन्स बाहेर काढायची नसते, तेव्हाही तीच हाताशी लागते. तरीही विकायची किंवा दुसऱ्याची विकत घ्यायची असेल, तर दोन्ही झाकणे काढून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड एका बाजूने टाकून दुसऱ्या बाजूने बुरशीचे धागे आहेत का ते पाहावे, झूमची कडी पूर्ण पल्ल्यात अडखळत नाही याची खात्री करावी, भिंतीवर लावलेल्या वर्तमानपत्राचा एफ/८ वर फोटो काढून चारही कोपरे सारखेच स्पष्ट आहेत का हे तपासावे, आणि एखादा कोपरा इतरांपेक्षा ठळकपणे मऊ असेल तर ती लेन्स कधीतरी पडलेली आहे असे समजून व्यवहार करू नये.